जमा, खर्च, बाकी

आमच्या घरातल्या कपाटाच्या तळाशी एक वही आहे. वही म्हणजे काय, तर आम्हा भावंडांच्या शाळेच्या वह्यांतली उरलेली कोरी पाने फाडून, एकत्र करून, जाड दोऱ्याने शिवलेले बाड. चौथीपर्यंत शिकलेल्या माझ्या अम्माने ते शिवले आणि तिनेच ते भरले. एका महिन्याला एक पान. वर महिन्याचे नाव, उजवीकडे अब्बांचा पगार आणि खाली ओळीने भाडे, रेशन, रॉकेल, दूध, वाणी, गावी मनीऑर्डर, भिशी. महिनाअखेरीला एक आडवी रेघ आणि तिच्याखाली एक आकडा. त्या आकड्यापुढे ती 'बाकी' असे लिहीत असे. पुष्कळ वेळा तो आकडा शून्याच्या जवळपास असे. कधी कधी तो शून्याच्या पलीकडे जाई, आणि मग अम्मा त्याच्याभोवती गोल काढी.

आज आपल्याशी बोलायचे आहे ते या घरखर्चाच्या वहीविषयी. विषय अगदी घरगुती वाटेल. पण 'महिन्याला किती आले आणि कुठे गेले' हा प्रश्न आपल्या इतिहासात वारंवार विचारला गेला आहे. कधी तो सावकाराने कुळाला विचारला, कधी सरकारने कामगाराला. आणि एकदोनदा तो उलटा, रयतेच्या वतीने सरकारलाही विचारला गेला. या प्रश्नाची गोष्ट थोडक्यात सांगण्याचा प्रयत्न करतो.

मी कविता लिहिणारा माणूस, त्यामुळे सुरुवात शब्दांपासून करतो. 'जमा' हा शब्द अरबी. एकत्र करणे हा त्याचा अर्थ. 'खर्च'ही अरबी. जे बाहेर पडते ते. 'हिशेब', 'रक्कम', 'कर्ज', 'वसूल', 'बाकी' हे सगळे याच वाटेने मराठीत आले. 'रोजकीर्द' फारसीतून आली. 'पगार' पोर्तुगिजांनी दिला. 'व्याज' मात्र संस्कृत. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय सुचवले गेले. तरी जमा आणि खर्च हे शब्द टिकले, कारण ते तोवर दरबारातून स्वयंपाकघरात पोचले होते. 'अंदाजपत्रक' हा शब्द तर मला फार आवडतो. निम्मा फारसी, निम्मा संस्कृत, आणि दोघांच्या संसारातून झालेला अस्सल मराठी. इंग्रजी 'बजेट'चे मूळ पाहिले तर ते जुन्या फ्रेंच भाषेतल्या चामड्याच्या लहान पिशवीत सापडते. म्हणजे आपला बटवाच.

हिशेब लिहिण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी लिपीतल्या रोजकीर्दी आहेत. रोजचा खर्च रोज टिपलेला. दिवाळीत व्यापारी चोपड्यांची पूजा करतात. मुसलमान घरांत जकात काढायची तर वर्षभराच्या शिलकीचा हिशेब करावा लागतो, त्याशिवाय अडीच टक्के कशाचे काढणार? कुराणातली सर्वांत लांब आयत कशाविषयी आहे, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. ती स्वर्ग-नरकाविषयी नाही. ती उधारीच्या व्यवहाराविषयी आहे. मुदतीचे देणेघेणे कराल तेव्हा ते लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असली तरी लिहायला कंटाळू नका, असा तिचा आशय आहे. लिहिले नाही की माणसे भांडतात, आणि भांडणात दुबळा हरतो, हे त्या काळीही माहीत होते.

पण आपल्याकडे झाले असे, की लिहिणे एकाच्या हातात राहिले आणि देणे दुसऱ्याच्या माथी. शेतकऱ्याच्या घरखर्चाची वही शेतकऱ्याच्या घरात नव्हती, ती सावकाराच्या पेढीवर होती. बियाण्याला किती घेतले, लग्नाला किती, व्याज किती चढले, हे सगळे त्या वहीत होते. कुळाला वाचता येत नसे. त्याने अंगठा उठवायचा. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजारच्या दिवशी लोकांचा संयम सुटला, आणि मग पुणे-नगरच्या गावागावांत तेच घडले. 'दख्खनचे दंगे' या नावाने इतिहासात हे प्रकरण आहे. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की लोकांचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर होता. कागद बाहेर काढायचे आणि जाळायचे. जी वही आपल्याला वाचता येत नाही ती आपल्यावर राज्य करते, हे त्यांनी ओळखले होते.

सरकारने चौकशी नेमली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. त्यात एक लहानशी तरतूद होती. पैसे फेडले की पावती मिळाली पाहिजे, आणि कुळाने मागितल्यास सावकाराने त्याला हिशेबाचा उतारा व पासबुक दिले पाहिजे. या कायद्याचे यश-अपयश हा वेगळा विषय. पण आपला हिशेब आपल्या हातात मागण्याचा हक्क कर्जदाराला कागदावर मिळाला, तो या कायद्याने.

त्याच १८७९ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका मुलाचे वडील वारले. मुलगा तेरा वर्षांचा. थोरल्या भावाने शिक्षण सोडून नोकरी धरली, पगार पंधरा रुपये. त्यातले आठ रुपये तो दरमहा धाकट्याच्या शिक्षणासाठी पाठवी आणि सात रुपयांत घर चालवी. हा धाकटा भाऊ म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले. त्यांच्या चरित्रात एक प्रसंग सांगितला जातो. एका मित्राने त्यांना नाटकाला नेले. गोखल्यांना वाटले, मित्राचे आमंत्रण आहे. नंतर मित्राने तिकिटाचे दोन आणे मागितले. आठ रुपयांच्या आखलेल्या महिन्यात हे दोन आणे बसत नव्हते. मग त्यांनी दिव्याच्या तेलाचा खर्च वाचवला आणि रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केला.

हा प्रसंग मुलांना काटकसरीचा धडा म्हणून सांगतात. मला त्याचा पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. हाच मुलगा पुढे गणित शिकवू लागला, अंकगणिताच्या पाठ्यपुस्तकाच्या लेखनात सहभागी झाला, आणि मार्च १९०२ मध्ये कलकत्त्याच्या कायदेमंडळात हिंदुस्थान सरकारच्या अंदाजपत्रकावर बोलायला उभा राहिला. सरकारच्या तिजोरीत त्या वर्षी शिल्लक होती आणि सरकार त्याबद्दल समाधानी होते. गोखल्यांचा मुद्दा साधा होता. देशात नुकताच भीषण दुष्काळ पडून गेला आहे, माणसे मेली आहेत, आणि तुमच्या तिजोरीत शिल्लक पडते आहे, म्हणजे तुम्ही लोकांकडून गरजेपेक्षा जास्त घेत आहात. राज्याची शिल्लक हे रयतेच्या सुखाचे प्रमाण होऊ शकत नाही. त्यांनी मिठावरच्या कराकडे बोट दाखवले. तेव्हा एका मणामागे अडीच रुपये कर होता. मीठ गरिबालाही लागते आणि श्रीमंतालाही. किंबहुना भाकरीशी दुसरे काही नसते तेव्हा गरिबाला ते जास्त लागते. गोखले हा मुद्दा वर्षानुवर्षे मांडत राहिले. १९०३ मध्ये तो कर दोन रुपयांवर आला, १९०५ मध्ये दीडवर आणि १९०७ मध्ये एक रुपयावर. ज्याने दोन आण्यांचा हिशेब दिव्याखाली बसून फेडला, त्यालाच साम्राज्याच्या ताळेबंदात मिठाचे आणे दिसले, असे मला वाटते.

गोखल्यांना गुरू मानणाऱ्या गांधीजींनीही आत्मकथेत लंडनच्या दिवसांतली अशीच सवय सांगितली आहे. बसचे भाडे, टपालखर्च, वर्तमानपत्राचे किरकोळ पैसे, सगळे लिहायचे आणि झोपण्यापूर्वी मेळ घालायचा. पुढे लाखो रुपयांचा सार्वजनिक निधी हाताळताना हीच सवय कामी आली, असे ते म्हणतात.

आता मुंबईकडे येऊ. पहिले महायुद्ध संपले तेव्हा धान्य आणि कापड यांचे भाव भडकले होते. गिरण्यांत संप होऊ लागले. मालक म्हणत, मजुरी वाढली की हे लोक दारूत आणि सणावारात उधळतात. कामगार म्हणत, पोट भरत नाही. खरे काय, ते कुणालाच नक्की ठाऊक नव्हते, कारण कामगाराच्या घरात आत जाऊन कुणी विचारलेच नव्हते. मुंबई सरकारने १९२१ मध्ये लेबर ऑफिस काढले. त्याचे प्रमुख फिंडले शिरास यांच्या देखरेखीखाली १९२१-२२ मध्ये मुंबईतल्या २,४७३ कामगार कुटुंबांचे मासिक जमाखर्च गोळा करण्यात आले, आणि १९२३ मध्ये त्याचा अहवाल छापला गेला. आमच्या अम्माच्या वहीसारख्या अडीच हजार वह्याच म्हणा, फक्त लिहिणारा हात दुसऱ्याचा.

त्यात काय निघाले? कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न ५२ रुपये ४ आणे ६ पै. शंभर रुपये खर्चातले जवळजवळ ५७ रुपये नुसत्या खाण्यावर. सरपण आणि दिवाबत्तीवर सात-साडेसात, कपड्यांवर साडेनऊच्या आसपास, भाड्यावर पावणेआठच्या आत. उरलेले साडेअठरा 'किरकोळ' या सदरात. ही किरकोळी म्हणजे औषधपाणी, हजामत, पानसुपारी, प्रवास, आणि मुख्य म्हणजे कर्जाचे व्याज. शंभरांतली ४७ कुटुंबे कर्जात होती. व्याजाचा एक चालू दर होता रुपयाला महिन्याला एक आणा. ऐकायला किती लहान वाटतो! पण रुपयाचे आणे सोळा. महिन्याला सोळावा हिस्सा म्हणजे वर्षाला बारा आणे, शेकडा ७५.

त्या अहवालातले एक निरीक्षण पुढे फार गाजले. कामगाराच्या वाट्याला येणारे धान्य सरकारच्या दुष्काळ संहितेत ठरवलेल्या कमाल प्रमाणाइतके भरत होते, पण मुंबईच्या तुरुंगांच्या नियमावलीत कैद्यासाठी ठरवलेल्या आहारापेक्षा ते कमी होते. दिवसभर साच्यावर उभा राहणारा माणूस कैद्याहून कमी खात होता. हे कुण्या पुढाऱ्याने भाषणात म्हटले असते तर अतिशयोक्ती ठरली असती. पण हे सरकारी खात्यानेच, भाकरी-डाळीच्या हिशेबातून काढले होते. 'हे लोक उधळतात' या वाक्याला मग फारसा आधार उरला नाही.

या वह्यांतून आणखी एक गोष्ट निघाली, आणि ती आजही आपल्या पगारात आहे. कुटुंब कशावर किती खर्च करते हे कळले की महागाई मोजता येते. समजा, धान्य पाव हिश्शाने महागले. ज्याचा निम्म्याहून जास्त पैसा खाण्यावर जातो त्याच्या महिन्यावर केवढा घाव बसेल, आणि ज्याचा पाचवा हिस्सा खाण्यावर जातो त्याला किती जाणवेल? एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्येच दाखवून दिले होते, की घर जितके गरीब तितका खाण्याचा वाटा मोठा. म्हणून प्रत्येक वस्तूला कुटुंबाच्या खर्चातल्या तिच्या वाट्याप्रमाणे वजन द्यायचे आणि भावांची बेरीज करायची. यालाच राहणीमान खर्चाचा निर्देशांक म्हणू लागले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या गिरण्यांतला महागाई भत्ता या निर्देशांकाशी बांधला गेला. पुढे देशभर तीच रीत आली. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता ठरवताना आधार घेतला जातो तो औद्योगिक कामगारांच्या किंमत निर्देशांकाचाच, आणि त्याचे नवे पायाभूत वर्ष २०१६ आहे. दर काही वर्षांनी कुटुंबांना पुन्हा विचारावे लागते, कारण रॉकेल जाते, गॅस येतो, आणि पोस्टकार्डाच्या जागी मोबाइलचे रिचार्ज येते.

गोखल्यांच्या नावाने १९३० मध्ये पुण्यात अर्थशास्त्राची संस्था निघाली. धनंजयराव गाडगीळांनी तिथे घराघरांत जाऊन पाहण्याची परंपरा रुजवली. याच संस्थेतून वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचे भारतातील दारिद्र्यावरचे काम १९७१ मध्ये पुढे आले. माणसाला दिवसाला २,२५० उष्मांक मिळायला किती खर्च लागतो, असा प्रश्न त्यांनी घरखर्चाच्या राष्ट्रीय पाहणीला विचारला. १९६०-६१ च्या भावांनी खेड्यात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस, हे उत्तर आले. दारिद्र्यरेषा म्हणून जी रेघ आपण ऐकतो तिच्या चर्चेला या कामाने मोठी चालना दिली. म्हणजे ती रेघही शेवटी कुणाच्या तरी महिनाअखेरीच्या रेघेवरूनच आखली गेली.

आता मी अम्माच्या वहीकडे परत येतो, कारण तिथे एक गोष्ट सांगायची राहिली आहे.

अब्बा गिरणीत होते. जानेवारी १९८२ च्या पानावर पगार जमा आहे, भाडे आहे, वाण्याचे थोडे देणे आहे. १८ जानेवारीला मुंबईतला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. फेब्रुवारीच्या पानावर अम्माने वर 'फेब्रुवारी' असे लिहिले आहे आणि खाली काहीच नाही. मार्चचे तसेच. एप्रिल, मे, जून. वर महिन्याचे नाव आणि खाली कोरे पान. असे वर्ष गेले.

त्या काळात घरात खर्च होत नव्हता असे नाही. आम्ही जेवत होतो. कधी गावाहून तांदूळ येई, कधी शेजारच्या काकू पातेले झाकून काहीतरी आणून ठेवीत आणि लगेच निघून जात. अम्माच्या हातातल्या दोन बांगड्या एक दिवस दिसेनाशा झाल्या. मी वही उघडून विचारले होते, "अम्मा, हल्ली लिहीत का नाहीस?"

ती म्हणाली, "जमाच नाही बाळा, तर खर्च कशातून वजा करू?"

तेव्हा मला ते उत्तर पटले होते. आज तेवढे पटत नाही. आज वाटते, की त्या कोऱ्या पानांवर लिहिण्यासारखे सर्वांत जास्त होते. बांगड्या किती तोळ्यांच्या होत्या आणि किती रुपयांना गेल्या, हे मला आज कुणी सांगू शकत नाही. शेजारच्या काकूंचे आम्ही काय देणे लागतो, त्याचीही नोंद नाही. संपाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी गिरण्यांचे नुकसान, बुडालेली मजुरी, वाया गेलेले कामाचे दिवस हे सगळे मोजले. घरोघरच्या बायकांनी ते महिने कसे निभावले, याचे आकडे मात्र अशाच कोऱ्या पानांत राहिले. १९२१ मध्ये अडीच हजार घरांत कुणीतरी जाऊन विचारले, म्हणून आपल्याला कैद्याच्या भाकरीशी तुलना करता आली. १९८२ मध्ये आमच्या खोलीत कुणी विचारायला आले नाही, आणि अम्माला स्वतःला लिहावेसे वाटले नाही. लाज हेही त्याचे एक कारण असणार. हिशेब तुटला की वही बंद करावीशी वाटते. आपण सगळेच तसे करतो.

म्हणून घरखर्चाविषयी सल्ला द्यायचा झाला तर मी एवढाच देईन. काटकसर करा, हे सांगण्याची गरज नाही, बहुतेक घरे ती करतातच. उत्पन्नच पुरत नसेल तर कितीही नेटकी वही ते वाढवत नाही, हे १९२३ च्या अहवालाने दाखवले आहे. पण लिहा. ज्या महिन्यात मेळ बसतो त्या महिन्यात लिहाच, आणि ज्या महिन्यात बसत नाही त्या महिन्यात नक्की लिहा. आता पैसे मोबाइलवरून जातात. नोट हाताबाहेर जाताना जो क्षणभर विचार होई, तोही होत नाही. महिनाअखेरीला बँकेचा उतारा येतो, पण तो पुन्हा दुसऱ्याच्या वहीतला हिशेब झाला. दख्खनच्या शेतकऱ्यांना मिळालेल्या पासबुकासारखा. त्याच्याशी ताडून पाहायला आपली वही हवी. आमची अम्मा वाण्याच्या वहीशी आपली वही महिन्याला ताडत असे, आणि वर्षातून एकदोनदा चूक वाण्याचीच निघे. "भाऊ, हे तेल आम्ही नेलंच नाही," असे ती शांतपणे म्हणे, आणि वाणी निमूट ओळ खोडत असे.

अब्बांना पुढे दुसरीकडे काम मिळाले, पगार पहिल्यापेक्षा कमी. त्या महिन्यापासून वही पुन्हा सुरू झाली आहे. पानाच्या सुरुवातीला जमेच्या आधी अम्माने एक ओळ लिहिली आहे, 'मागील बाकी', आणि तिच्यापुढे आकड्याची जागा मोकळी सोडली आहे. 'अल-बाकी' हे अल्लाच्या नावांपैकी एक आहे, सदैव उरणारा या अर्थाचे. तिच्या मनात ते असेल की नुसता हिशेबातला शब्द, हे मी तिला विचारले नाही. ती मोकळी जागा अजून तशीच आहे.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)